मनीच्या अलीकडे मिटलेलं पुस्तक

नाशिकच्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय, हाताने लिहिलेलं, आठ पानी. सगळं देता येणार नाही, मुद्द्याचं तेवढं देते.

"ताई, मी ४६ वर्षांची, नोकरी करते, मुलगा अकरावीत आहे. १८व्या वर्षी हॉस्टेलवर 'कोसला' वाचली, दोन रात्रींत, आणि वाटलं हे माझ्यासाठीच लिहिलंय. पुढे बीएला इंग्लिश घेतलं तेव्हा 'द कॅचर इन द राय' आणि 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' झाली, नोकरीला लागल्यावर 'शाळा'. ही चार पुस्तकं म्हणजे माझं तरुणपण. यंदा दिवाळीच्या सुट्टीत ठरवून परत काढली तर 'कॅचर'मधल्या होल्डनचा वैताग आला, 'कोसला'तल्या पांडुरंगाला तर दोन्ही खांदे धरून हलवावंसं वाटलं, बाप तिकडून पैसे पाठवतोय आणि हा काय करतोय! 'कोसला' मी त्याच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा भाग यायच्या अलीकडेच मिटून ठेवली. मुलाच्या वाढदिवसाला मी त्याला तीच प्रत दिली होती (दादाची आहे, त्याच्या पेन्सिलच्या खुणा आहेत त्यात, मी १७ची असताना दादा अपघातात गेला, तो २२चा होता). मुलाने चाळीसेक पानं वाचून परत आणून दिली, म्हणाला, आई, हा नुसता रडतोय. मला इतकं लागलं की दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. मी तेव्हा चुकत होते की आता म्हातारी झालेय? त्याला वाचायला लावू का? मुलींसाठी असं पुस्तक का नाही? आणि प्रकाश नारायण संतांची लंपनची पुस्तकं माझी राहूनच गेलीत, कुठून सुरू करू?"

मैत्रीण, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या कंसापाशी थांबले. तुम्ही अख्खं पत्र पुस्तकांबद्दल लिहिलंत आणि दादाला कंसात ठेवलंत. त्याबद्दल बोलूच, पण आधी तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर देते, कारण ते प्रश्नही खरे आहेत.

मी 'कोसला' वाचली तीही मुलींच्या हॉस्टेलवरच. आमचं गेट संध्याकाळी सातला बंद व्हायचं, पाच मिनिटं उशीर झाला तर रजिस्टरमधे सही आणि घरी पत्र. आणि त्या बंद गेटच्या आत, कॉटवर पालथं पडून मी वाचत होते की खानदेशातल्या सांगवीहून आलेला एक मुलगा पुण्यात वाटेल तेव्हा वाटेल तिकडे हिंडतोय, रात्री-बेरात्री, टेकड्यांवर, मित्रांच्या खोल्यांवर, कुणाला न विचारता. मला तेव्हा वाटायचं की मला त्याचं दुःख भिडलंय. खूप वर्षांनी कळलं की दुःखाच्या आधी मला भिडलं होतं ते त्याचं हिंडणं. तोवर मी असं एकही पुस्तक वाचलं नव्हतं ज्यात एखादं माणूस काहीही सिद्ध न करता नुसतं हिंडतं, आणि लेखक त्याला शिक्षाही देत नाही, शहाणंही करत नाही. १९६३ला ही कादंबरी आली तेव्हा लेखक भालचंद्र नेमाडे स्वतः २५ वर्षांचे होते, म्हणजे पांडुरंगाच्याच वयाचे, त्यामुळे त्यात मोठ्या माणसाचा समजूतदारपणा वरून ओतलेला नाहीये, आणि १८व्या वर्षी नेमकं तेच हवं असतं. तेव्हा तुमचं ते दोन रात्रींचं वाचन खरंच होतं हो, त्यात चुकीचं काय असणार.

आणि आताचा वैतागही खराच आहे. आता फी तुम्ही भरता. हॉस्टेल, मेस, गॅदरिंग, नापास होणं, हे सगळं वाचताना १८व्या वर्षी पांडुरंगाच्या बाजूला बसलेल्या तुम्ही आता सांगवीतल्या घरात बसलाय, मनीऑर्डर करणाऱ्या माणसाच्या शेजारी. त्या वडलांचा मला तरुणपणी राग यायचा, घरावर सत्ता गाजवणारा माणूस, विषय संपला. चाळिशीनंतर वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या माणसाला आपला पोरगा अजिबात कळत नाहीये आणि तरी तो पैसे पाठवणं थांबवत नाहीये. मला तो आवडला असं नाही म्हणणार मी, पण दिसला. आधी दिसलाच नव्हता.

मला वाटतं या जातीच्या कादंबऱ्यांची गंमत हीच आहे. त्यात एक मूल मोठं होत असतं आणि त्याच्या आजूबाजूला मोठी माणसं उभी असतात, आणि आपण वाचायला बसतो तेव्हा आपल्या वयाप्रमाणे आपली जागा ठरते. तुम्ही 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'बद्दल पत्रात काहीच लिहिलं नाहीत, बाकी तिघांबद्दल कमी-जास्त लिहिलंत, म्हणून विचारते, ती परत वाचलीत का? नसेल तर पूर्ण नको, फक्त जो गार्जरी (हे त्यातल्या लोहाराचं नाव) लंडनला येतो तेवढा भाग वाचा. पिपला कुठल्याशा अज्ञात माणसाच्या पैशावर जंटलमन व्हायला लंडनला पाठवलंय, आणि ज्या लोहाराने त्याला लहानपणी जीव लावला तो एक दिवस भेटायला येतो. चांगले कपडे घालून आलाय बिचारा, ते अंगाला नीट बसत नाहीयेत, आणि हातात हॅट, ती कुठे ठेवावी कळत नाही म्हणून शेकोटीवरच्या फळीच्या कडेला ठेवतो, ती सारखी पडते, तो सारखी झेलतो. आणि ज्या पोराला मांडीवर घेतलं त्याला 'सर' म्हणतो. पिप आपल्याला स्वतःच सांगतो की पैसे देऊन जोचं येणं टाळता आलं असतं तर मी ते दिले असते. कॉलेजात आम्हाला हा विनोदी प्रसंग म्हणून शिकवला होता, हॅट पडते म्हणून वर्ग हसला होता, मीही हसले होते. मग माझे वडील एकदा माझ्या ऑफिसात डबा द्यायला आले, स्वच्छ धोतर, टोपी, आणि रिसेप्शनच्या त्या खोल सोफ्यात त्यांना बसता येईना, आणि मी त्यांना दोन मिनिटांत वाटेला लावलं. दोन मिनिटांत. त्यानंतर ते प्रकरण मी हसत वाचू शकलेले नाही. जाताना हा जो रागावत नाही, उलट पिपलाच सांभाळून घेतो, म्हणतो चूक माझीच, मी भट्टीपाशीच शोभतो. आणि पुढे पिप कर्जात बुडतो, आजारी पडतो तेव्हा हाच जो येऊन त्याची शुश्रूषा करतो, कर्ज फेडतो आणि पोरगा बरा झाला बघून एका सकाळी गुपचूप निघून जातो, आभार नकोत म्हणून. डिकन्सने हे १८६०-६१ला आठवड्या-आठवड्याच्या हप्त्यांनी लिहिलंय, तिकडच्या लोहाराबद्दल, आणि माझ्या वडलांची टोपी त्यात दिसते. हे मी १९व्या वर्षी कुठून वाचणार होते?

म्हणून तुम्ही जे 'म्हातारी झाले का' विचारताय ना, तसं नाहीये ते. तुमची जागा बदललीय. आणि एकदा हे ध्यानात आलं की वैताग कमी होतो असं नाही, पण त्या वैतागातून पुढे वाचता येतं.

पण खरं सांगू का, होल्डन आणि पांडुरंग यांच्याबाबत मला नुसतं जागा बदलण्याचं कारण पुरत नाही. या दोघांची तुलना मराठीत इतक्या वेळा झालीय की सांगायला नको, सॅलिंजरचं पुस्तक १९५१चं, 'कोसला' १९६३ची, दोघं कॉलेज-शाळेत टिकत नाहीत, दोघांना ढोंग सहन होत नाही, दोघांची भाषा बोलण्यातली, सगळं खरंय. पण तुलना करताना लोक बंडखोरीवर थांबतात. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोघांच्याही घरातलं एक लहान भावंड गेलंय. होल्डनचा धाकटा भाऊ ॲली, ल्युकेमियाने गेला, बेसबॉलच्या ग्लोव्हवर हिरव्या शाईने कविता लिहून ठेवायचा, मैदानात उभं असताना वाचायला काहीतरी हवं म्हणून. तो गेला त्या रात्री होल्डनने गॅरेजच्या सगळ्या काचा हाताने फोडल्या. हे पुस्तकात बऱ्यापैकी सुरुवातीलाच येऊन जातं, दुसऱ्या कुणाचा तरी निबंध लिहून देताना, जाता जाता. आणि मग आपण उरलेलं पुस्तकभर म्हणत राहतो की हा पोरगा इतका का किरकिरतोय, पार्कातल्या तळ्यातली बदकं हिवाळ्यात कुठे जातात हे टॅक्सीवाल्याला काय विचारतोय. अहो, तळं गोठलं की त्यातले जीव जातात कुठे, हे त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचंय.

आणि पांडुरंगाची मनी देवीच्या आजारात जाते.

आता एक साधी गोष्ट बघा, जी मला स्वतःला फार उशिरा दिसली. 'कोसला' सुरू होते तेव्हाच तो सांगून टाकतो की आज मी पंचवीस वर्षांचा आहे, म्हणजे पहिल्या पानापासून जो बोलतोय तो मनी गेल्यानंतरचा पांडुरंग आहे. ते प्रत्येक गोष्टीला 'वगैरे' लावणं, 'उदाहरणार्थ' म्हणून आपल्याच आयुष्यापासून चार पावलं मागे सरकणं, ज्याची पुढे कॉलेजातल्या पोरांनी फॅशन केली (आम्हीही पत्रांत वगैरे वगैरे लिहायचो), ते ज्याचं घडून गेलंय त्याचं बोलणं आहे. मनीचा भाग पुढे येतो, पण सांगणाऱ्याला तो आधीपासून माहीत आहे, आपल्यालाच नसतो. दुसऱ्यांदा वाचताना आपल्यालाही असतो.

आणि हे फक्त या दोन पुस्तकांतच आहे असं नाही, एकदा दिसायला लागलं की सगळीकडे दिसतं. 'पथेर पांचाली'त, बिभूतिभूषणांच्या १९२९च्या मूळ कादंबरीत, अपूची बहीण दुर्गा तापात जाते, आणि नंतर तिने चोरलेली वस्तू अपूच्या हाती लागते, जिच्यावरून तिने शिव्या आणि मार खाल्ला होता आणि मी नाही चोरली म्हणून सांगितलं होतं. अपू ती कुणाला कळायच्या आत फेकून देतो. एवढंसं पोर, पण गेलेल्या बहिणीची अब्रू राखायची अक्कल त्याला त्या क्षणी येते, आणि मला विचाराल तर मोठं होणं म्हणतात ते त्या फेकण्यात आहे. 'जेन एअर'मधे हेलन बर्न्स, शाळेतली मैत्रीण, जेन तिच्या गळ्यात हात टाकून झोपते आणि सकाळी हेलन गेलेली असते. शार्लट ब्राँटेच्या दोन मोठ्या बहिणी अशाच एका शाळेतून आजारी होऊन घरी आल्या आणि १८२५मधे गेल्या, ती स्वतः तेव्हा नऊ वर्षांची होती. 'लिटल विमेन'मधली बेथ, तीही लुइसा अल्कॉटच्या धाकट्या बहिणीवरून आलेली. आपल्याकडे 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ती १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाचेक दिवसांत लिहिली, आणि तेव्हा त्यांची आई जाऊन पंधरा वर्षं उलटली होती. माझ्या आईने चौथीत असताना ती मला वाचून दाखवली तेव्हा मला फक्त अपराधी वाटलं होतं, आपण श्यामसारखे नाही म्हणून, आणि मोठेपणी मी ती बरीच वर्षं हातात घेतली नाही. मग घेतली तेव्हा लक्षात आलं की रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना गोष्ट सांगणारा श्याम मोठा माणूस आहे, तिशीतला, आणि आई त्याला परत मिळणार नाहीये म्हणून तो एकेक रात्र करत बेचाळीस रात्री तिला पुरवतोय.

तर आता तुमच्या कंसाकडे येते.

तुम्ही १७ची असताना दादा गेला. १८व्या वर्षी तुम्ही 'कोसला' वाचली, दादाची प्रत, दादाच्या पेन्सिलच्या खुणांसकट, दोन रात्रींत. तुम्ही लिहिलंय की हे माझ्यासाठीच लिहिलंय असं वाटलं. मी काही मानसोपचार करणारी नाही, नुसती पुस्तकं वाचणारी बाई आहे, त्यामुळे मी म्हणते ते चुकीचं असेल तर सोडून द्या. पण मला वाटतं त्या दोन रात्री तुम्ही दोन पुस्तकं एकत्र वाचत होता, एक नेमाड्यांचं आणि एक त्या खुणांचं, की इथे दादा का थांबला असेल, ही ओळ त्याला का आवडली असेल. तो जाऊन वर्षही झालं नसेल तेव्हा. आणि पांडुरंगाचं बोलणं त्याच्या वयाच्या मुलाचं, अगदी कानात बोलल्यासारखं. कुणालाही ते पुस्तक आपलंच वाटलं असतं.

आता तुम्ही ४६च्या आणि दादा अजून २२चाच. ज्याच्याकडे मान वर करून बघायचं तो आता तुमच्यापेक्षा २४ वर्षांनी लहान झालाय, जवळजवळ तुमच्या मुलाच्या वयाचा. मग पांडुरंगाला खांदे धरून हलवावंसं वाटणारच. २२-२५च्या पोराला, जो आयुष्य असं सांडतोय, त्याला कुणीही ओरडेल, की अरे, हातात आहे ना तुझ्या अजून! मला तो वैताग वाचून तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण त्यात तुमचं प्रेम आटलंय असं कुठेच दिसलं नाही. उलट मनीच्या अलीकडे तुम्ही पुस्तक मिटलंत, कंटाळा आलेला माणूस कुठेही मिटतो, असं नेमकं तिथे नाही मिटत.

तेव्हा ती पानं वाचू नका. म्हणजे एकटीने, रात्री, सगळे झोपल्यावर वगैरे तर मुळीच नको, आणि 'आपण भित्र्या आहोत का' म्हणून स्वतःला तपासायला म्हणूनही नको. त्याऐवजी एखाद्या रविवारी दुपारी, चहा घेऊन, फक्त पेन्सिलच्या खुणा बघत पुस्तक पुढे नेत जा. गोष्ट नका वाचू, दादा कुठे कुठे थांबलाय तेवढंच. मनीच्या पानांपाशी खुणा आहेत का तेही आपोआप कळेल. माझ्याकडे माझ्या मावशीची 'स्मृतिचित्रे' आहे, तिच्या समासात तिने ठिकठिकाणी नुसतं 'खरंय' लिहून ठेवलंय, तेवढ्या खरंयांवर मला ती मावशी पुरते.

आता मुलगा. त्याच्याशी दोन दिवस बोलला नाहीत याचं तुम्हाला वाईट वाटतंय ते पत्रात दिसतंच आहे, पण त्याच्या बाजूने बघा ना. त्याला वाढदिवसाला एक जुनं पुस्तक मिळालं, पिवळ्या पानांचं, आणि देताना आईचा चेहरा असा काहीतरी होता की हे आवडायलाच हवं. का ते त्याला कुणी सांगितलं नाही. तुमच्या पत्रातून मला तरी असं वाटतं की मामा त्याला फक्त भिंतीवरच्या फोटोतून माहीत आहे. त्याने बिचाऱ्याने चाळीस पानं वाचली, चाळीस ही कमी नाहीत हो, आणि जे वाटलं ते सरळ सांगितलं. 'हा नुसता रडतोय.' मी तुम्हाला खरं सांगते, हे उत्तम निरीक्षण आहे. वरवर पांडुरंग टिवल्याबावल्या करतो, टिंगल करतो, पहिल्या चाळीस पानांत तो काही रडत वगैरे नाही, आणि तरी तुमच्या मुलाला त्या बोलण्याखालचं रडणं ऐकू आलं. जे आम्हाला चार वाचनांनंतर कळलं ते त्याला पहिल्या चाळीस पानांत कळलं. त्याला ते आवडलं नाही, एवढंच. नाही आवडलं तर नाही आवडलं.

तेव्हा वाचायला लावू नका. आणि दादाची ती प्रत परत कपाटात, तुमच्याकडे ठेवा, ती तुमची आहे, ती त्याला द्यायची घाई नको. त्याला पुढे कधी वाटलंच तर दुकानातून नवी कोरी आणून द्या, तिच्यात तो त्याच्या खुणा करेल. पण मामाबद्दल मात्र त्याला सांगा. अपघाताचं आधी नको, साधं काहीतरी सांगा, मामा सायकल कशी चालवायचा, कुणाशी भांडायचा, चहात बिस्किट बुडवून ते पडलं की काय म्हणायचा. माझ्या घरी माझा काका असाच गेला होता आणि त्याच्याबद्दल वीस वर्षं कुणी बोललं नाही, आम्हा पोरांना वाटायचं त्याने काहीतरी वाईट केलं असणार. केलं काहीच नव्हतं, मोठ्यांना फक्त नाव काढलं की रडू यायचं म्हणून नाव काढत नव्हते.

त्याला वाचायला काही द्यायचंच असेल तर मी 'शाळा' म्हणेन, तुमची तीही आहेच. नववीतला मुकुंद जोशी, आणीबाणीचा काळ, अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगवर बसणारी चौकडी, आणि शिरोडकर. अकरावीच्या मुलाला नववी म्हणजे मागच्या जन्मासारखी वाटते, त्यामुळे तो थोडा वरून बघून वाचेल आणि वाचता वाचता सापडेल. पण टेबलावर ठेवा आणि विसरा. 'कुठपर्यंत आलास, शिरोडकर आवडली का' हे अजिबात विचारायचं नाही. आणि शेजारी आनंद यादवांची 'झोंबी' ठेवा जमलं तर, १९८७ची, कागलचा मुलगा, शेतावर राबायचं आणि वडलांच्या विरोधात जाऊन शाळा शिकायची. पांडुरंगाला कॉलेज नकोसं झालं होतं आणि आनंदाला शाळेसाठी मार खावा लागला, ही दोन पुस्तकं एकाच भाषेत पाठोपाठ वाचली की डोकं बरंच जागेवर येतं, माझं तरी आलं होतं.

मुलींचं विचारलंत. खरंय तुमचं, 'कोसला'च्या तोडीचं, म्हणजे मुलगी नुसती हिंडतेय आणि लेखिका तिला हिंडू देतेय, असं मला मराठीत १८व्या वर्षी सापडलं नव्हतं, आणि याचं मला दुःख आहे. हिंडायलाच मिळत नव्हतं तर लिहिणार कुठून. विभावरी शिरूरकरांनी १९३३ला शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं लिहिलं तर केवढा गहजब झाला, टोपणनाव घेऊनच लिहावं लागलं. आपल्याकडे मुलींचं वाढणं कादंबरीपेक्षा आत्मचरित्रांत जास्त आलंय. 'स्मृतिचित्रे'च्या लक्ष्मीबाई टिळक आहेतच. पण तुम्ही ऊर्मिला पवारांचं 'आयदान' वाचा, २००३चं, रत्नागिरीजवळचं फणसवळे गाव, बांबूच्या टोपल्या-सुपं विणत बसलेली आई, आणि त्यातही घरातला एक मुलगा गेलेला आहे, त्यामुळे जरा सवडीने घ्या, लगेच नको. आणि इंग्रजीत 'जेन एअर'ची पहिली दहा प्रकरणं. दहा वर्षांची जेन खिडकीतल्या बाकावर लाल पडदा ओढून आत पक्ष्यांचं पुस्तक बघत बसलीय, एवढीशी जागा, पण तिची. माझ्या हॉस्टेलच्या कॉटची आठवण येते मला त्या पडद्याने.

आणि लंपन. अहो, तुम्ही नशीबवान आहात, तुमचा अजून वाचायचाय! क्रमानेच घ्या, 'वनवास', मग 'शारदा संगीत', मग 'पंखा', शेवटी 'झुंबर'. त्या कादंबऱ्या नाहीत, गोष्टी आहेत, पण चारही मिळून एका मुलाचं अख्खं वाढणं आहे. आईवडील दुसरीकडे आणि हा बेळगावकडच्या गावात आजी-आजोबांकडे ठेवलेला, म्हणून वनवास. भोवती कानडी वळणाची मराठी, आणि त्याच्या डोक्यात सतत काहीतरी मॅडसारखं चाललेलं. प्रकाश नारायण संतांचं पहिलं पुस्तक १९९४ला आलं तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते, कराडला भूगर्भशास्त्र शिकवत आलेले, आणि भाषा बघाल तर दहा-बारा वर्षांच्या पोराची, कुठेही मोठा माणूस आत डोकावत नाही, हे कसं जमलं असेल याचं मला दर वेळी नवल वाटतं. 'झुंबर' ते गेल्यावर आलं. एका बैठकीत संपवू नका, एका वेळी एकच गोष्ट, शक्यतो मोठ्याने वाचा, आणि स्वयंपाकघरात वाचा, म्हणजे मुलगा पाणी प्यायला येईल तेव्हा चार वाक्यं त्याच्याही कानावर पडतील. थांबला तर थांबू द्या, नाही थांबला तर तुम्ही वाचत राहा.

दादाच्या खुणा कुठे कुठे निघाल्या ते मला कळवा, जमलं तर. वाट बघते.